‘पुन्हा’ म्हणजे केव्हा?



घरातील, शाळेतील आणि प्रयोगशाळेतील पुष्कळशी कामे एकदा करून संपत नाहीत. ती पुन्हा पुन्हा करावी लागतात. पाण्याचे पिंप रिकामे करून घासणे, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणे, पर्जन्यमापक वाचणे, ग्रंथालयाचे पुस्तक परत करणे ही त्यांतलीच. ती विसरू नयेत म्हणून आपण यादी करतो. आज मोबाइलवर अशा याद्या तयार आणि फुकट मिळतात. असे असतानाही मी तुम्हाला आग्रहाने सांगणार आहे, की वारंवार करावयाच्या कामांची एक साधी यादी तुम्ही स्वतः बांधा. आणि तीही ब्राउझरमध्ये चालणारी. कारण ती बांधू लागलात की ‘पुन्हा’ या रोजच्या वापरातल्या शब्दाचा अर्थ आपल्याला नीट ठाऊक नाही, हे तुमच्या ध्यानात येईल.

माझ्या ध्यानात ते कसे आले, ते आधी सांगतो. आमच्या प्रयोगशाळेतील इन्व्हर्टरला शिसे-आम्ल प्रकारच्या दोन बॅटर्‍या जोडलेल्या होत्या. अशी बॅटरी प्रभारित होत असताना तिच्यातील थोड्या पाण्याचे विद्युत अपघटन होते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात. काही पाण्याची वाफ होते. आम्ल मात्र मागे राहते. म्हणून अधूनमधून ऊर्ध्वपातित पाणी घालून पातळी भरून काढावी लागते. हे काम माझ्याकडे होते. मोबाइलमधील तयार यादीत मी ‘दर महिन्याच्या १ तारखेला’ असे लिहिले आणि निश्चिंत झालो. १ एप्रिलला पाणी घातले. १ मे रोजी घंटा वाजली तेव्हा मी महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनाला उभा होतो. बोटाने सूचना बाजूला सारली. १ जूनला ती पुन्हा वाजली तेव्हा सुटीत गावी होतो. पुन्हा बाजूला सारली. इकडे प्रयोगशाळेत प्रभारण अखंड चालू होते. जूनच्या मध्यावर कॉलेज उघडले तेव्हा बॅटर्‍यांतील पट्ट्यांच्या वरच्या कडा कोरड्या पडल्या होत्या आणि त्यांवर लेड सल्फेटचा पांढुरका थर धरला होता. दोन्ही बॅटर्‍या टाकून द्याव्या लागल्या.

दोष माझा होता, यात शंका नाही. पण यादीचेही काहीतरी चुकले होते. त्या दिवशी मी यादी उघडून पाहिली, तर १ जुलैपर्यंत तिच्यात एकही काम बाकी दिसत नव्हते! एप्रिलनंतर पाणी घातलेच गेले नाही, ही एकच महत्त्वाची गोष्ट तिला माहीत नव्हती. तिला तारखा ठाऊक होत्या. काय घडले ते ठाऊक नव्हते.

दोन प्रकारचे ‘पुन्हा’

थोडा विचार केला तर दिसते, की ‘पुन्हा’चे निदान दोन प्रकार आहेत. पहिला पंचांगाला किंवा दिनदर्शिकेला बांधलेला. समजा, शिकवणीचे शुल्क दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरायचे आहे. एका महिन्यात तुम्ही ते १२ तारखेला भरलेत, म्हणून पुढची मुदत काही १२ होत नाही. ती १० च राहते. इथे जर आपण ‘मागच्या वेळेपासून एक महिना’ असे मोजू लागलो आणि दर खेपेस दोन दिवस उशीर केला, तर वर्षाच्या शेवटी मुदत २४ दिवसांनी सरकलेली असेल.

दुसरा प्रकार मागच्या कृतीला बांधलेला. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘कोरडा दिवस’. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या भांड्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारणपणे सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खाते सांगते, की आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी करा. म्हणजे इथे महत्त्व रविवारला नाही. दोन स्वच्छतांमध्ये सात दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू न देण्याला आहे. आता समजा, तुमच्या यादीत ‘दर रविवारी’ असे लिहिले आहे आणि एका रविवारी तुम्ही लग्नाला गेलात. सोमवारी यादी कोरी! ती पुढच्या रविवारीच आठवण करील. तोपर्यंत अंतर चौदा दिवसांचे होईल आणि डास केव्हाच उडून गेलेले असतील. याउलट ‘शेवटी केल्यापासून सात दिवस’ असा नियम असेल, तर काम होईपर्यंत ते सोमवारी, मंगळवारी, रोज यादीत उभे राहील.

संगणकशास्त्रातही ही गोष्ट अनुभवातून शिकावी लागली. ‘युनिक्स’ प्रणालीच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ नावाची एक आज्ञावली होती. ठरलेल्या वेळी ठरलेले काम सुरू करणे, एवढेच तिचे काम. यंत्र अहोरात्र चालू आहे, हे तिने गृहीत धरलेले असते. ठरलेल्या वेळी यंत्र बंद असेल, तर ते काम राहून जाते. रात्री बंद होणार्‍या यंत्रांसाठी पुढे ‘अ‍ॅनाक्रॉन’ नावाची दुसरी आज्ञावली आली. ती काय करते? प्रत्येक काम शेवटी केव्हा झाले त्याची तारीख एका फाइलीत लिहून ठेवते, आणि यंत्र चालू झाले की किती दिवस उलटले ते पाहते. माझ्या बॅटरीला अ‍ॅनाक्रॉन हवा होता. मी तिला क्रॉन दिला होता.

यादी कशी बांधाल?

हे ‘वेब’ नावाचे प्रकरण भौतिकशास्त्राच्याच घरातले आहे, हे तुम्हाला माहीत आहे काय? जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी त्याची कल्पना मांडली. निरनिराळ्या संगणकांवरची माहिती शास्त्रज्ञांना एकमेकांत सहज वाटता यावी, हा हेतू होता. १९९३ साली सर्नने ते सर्वांसाठी मोफत खुले केले. त्यामुळे आज नोटपॅडसारख्या साध्या साधनात काही ओळी लिहून, फाइलीच्या नावापुढे ‘एचटीएमएल’ हा प्रत्यय लावला, की ब्राउझर ती पान म्हणून उघडतो. इंटरनेटचीही गरज नाही. पानाची मांडणी एचटीएमएलने करावयाची आणि हिशेब जावास्क्रिप्टने.

यादीला तीन रकाने पुरतात : कामाचे नाव, किती दिवसांनी, आणि शेवटी केव्हा केले. ‘पुढे केव्हा करायचे’ हा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही. कारण तो पहिल्या रकान्यांवरून काढता येतो. पान उघडले की प्रत्येक कामासाठी एक वजाबाकी करावयाची : आजचा दिवस उणे शेवटचा दिवस. उत्तर अंतराइतके किंवा अधिक आले, तर काम दाखवावयाचे, नाहीतर लपवावयाचे. ‘केले’ हे बटण दाबले की तिसर्‍या रकान्यात आजचा दिवस लिहावयाचा. झाली यादी! दिनदर्शिकेला बांधलेल्या कामांसाठी चौथा एक रकाना ठेवून त्यात मूळ तारीख लिहावी.

मी यासाठी एक सूत्र सांगतो : घडलेल्याची नोंद ठेवा, येणार्‍याचे गणित करा. तुम्ही भौतिकशास्त्रात हेच शिकता. चेंडू आत्ता कोठे आहे आणि त्याचा वेग किती, हे मोजायचे. तो पुढे कोठे असेल ते नियमावरून काढायचे. चेंडूचे भविष्यातले स्थान कोणी वहीत आधी लिहून ठेवून त्यावर विसंबून राहत नाही. मोजलेले आणि काढलेले यांची गल्लत करू नये, हा विज्ञानाचा पहिला धडा आहे.

ब्राउझरकडे पानासाठी थोडी स्वतःची साठवण असते. तिला ‘लोकलस्टोरेज’ म्हणतात. तिच्यात फक्त मजकूर ठेवता येतो, म्हणून यादीचे आधी मजकुरात रूपांतर करावे लागते. ब्राउझरमधील माहिती कोणी पुसून टाकली तर तीही जाते. तेव्हा आठवड्यातून एकदा शेवटच्या तारखा वहीत उतरवून घ्या. आणि हो, तेही यादीतले एक काम म्हणून लिहा!

पहाटेचे साडेपाच तास

‘आजचा दिवस’ हे शब्द मी वर सहज लिहून गेलो. पण आज म्हणजे कोणता दिवस, हे संगणकाला कसे कळते? जावास्क्रिप्टचे घड्याळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले ते सांगते. एका दिवसात ८,६४,००,००० मिलिसेकंद असतात. भागाकार करून पूर्णांक तेवढा घेतला की दिवसाचा क्रमांक मिळतो. उदाहरणार्थ, १ जानेवारी २००० चा क्रमांक पाहू. १९७० ते १९९९ ही तीस वर्षे, म्हणून ३० गुणिले ३६५ म्हणजे १०,९५०. त्यात सात लीप वर्षांचे सात दिवस मिळवले की १०,९५७. या संख्येला सातने भागले तर बाकी २ उरते. १ जानेवारी १९७० हा गुरुवार होता, म्हणून बाकी ० म्हणजे गुरुवार, १ म्हणजे शुक्रवार आणि २ म्हणजे शनिवार. १ जानेवारी २००० रोजी खरोखरच शनिवार होता. पाहा, एका बाकीवरून वार मिळाला!

पण इथेच एक खड्डा आहे. ती मध्यरात्र आपली नव्हे. ती ग्रिनिचच्या रेखावृत्ताला धरून चालणार्‍या जागतिक प्रमाणवेळेची. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून आपण साडेपाच तास पुढे. परिणाम असा, की भारतात मध्यरात्र उलटून गेली तरी पहाटे साडेपाचपर्यंत हा भागाकार कालचाच दिवस सांगतो. परीक्षेच्या दिवसांत पहाटे पाचला उठून तुम्ही ‘दहा उदाहरणे सोडवली’ म्हणून खूण केलीत, तर यादी ती कालच्या नावावर लिहील आणि उजाडल्यावर ‘आजची उदाहरणे बाकी’ म्हणून बजावील. उपाय सोपा आहे : भागाकारापूर्वी साडेपाच तासांचे १,९८,००,००० मिलिसेकंद मिळवा. दुपारी तपासणार्‍याला ही चूक कधीच दिसत नाही. मला स्वतःला ती एका पहाटे चारच्या सुमारास दिसली.

मग दिवस मध्यरात्रीच बदलला पाहिजे काय? तसेही नाही. आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. साडेआठला पर्जन्यमापक वाचला की मागच्या चोवीस तासांचा पाऊस मिळतो. साडेआठातून साडेपाच वजा करा, तीन उरतात. म्हणजे ही जागतिक प्रमाणवेळेची पहाटे तीनची वेळ आहे. दिवसाची सीमा कोठे घालायची हे काम पाहून ठरवावे लागते. मात्र एकदा ठरवली की पाळावी लागते.

३१ तारखेचे कोडे

आता महिन्याकडे वळू. ३१ जानेवारीला सुरू केलेले काम ‘दर महिन्याला’ करावयाचे आहे. फेब्रुवारीत ते केव्हा करायचे? याची तीन उत्तरे आहेत. ज्या महिन्यात ३१ तारीख नाही तो महिना वगळावा, हे पहिले. दिनदर्शिकांच्या देवाणघेवाणीसाठी जो आंतरराष्ट्रीय संकेत ठरला आहे, त्यात ३१ तारीख लिहिली तर असेच होते. महिन्याचा शेवटचा दिवस धरावा, हे दुसरे. आणि जावास्क्रिप्टमध्ये महिन्याचा आकडा नुसता एकाने वाढवला, तर मिळते ते तिसरे : ३ मार्च, लीप वर्षात २ मार्च!

दुसरे उत्तर पसंत केलेत तरी एक काळजी घ्यावी लागेल. ३१ जानेवारीनंतर २८ फेब्रुवारी, आणि त्यावरून पुढची तारीख काढली तर २८ मार्च, २८ एप्रिल, असे कायमचे २८ वर अडकाल. मीटरपट्टी पुन्हा पुन्हा पुढे सरकवून मोठी लांबी मोजताना प्रत्येक वेळची चूक पुढच्या मोजणीत शिरते, तसलाच हा प्रकार. म्हणून दर खेपेस मूळ तारखेपासून गणित करावे. मागच्या उत्तरावरून करू नये. तारखांच्या हिशेबात मोठमोठे अभियंतेही फसतात. २००८ हे लीप वर्ष होते. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला, म्हणजे ३६६ व्या दिवशी, मायक्रोसॉफ्टची ‘झून’ नावाची गाणी ऐकण्याची ३० गिगाबाइटची यंत्रे जगभर एकदम ठप्प झाली. दिवसांवरून वर्ष काढणारा हिशेब ३६६ या आकड्यापाशी फिरत राहिला, त्यातून बाहेरच पडेना!

आणि आपल्या पंचांगात तर ‘पुन्हा’चा तिसराच प्रकार आहे. गणेश चतुर्थी २०२२ साली ३१ ऑगस्टला, २०२३ साली १९ सप्टेंबरला आणि २०२४ साली ७ सप्टेंबरला आली. अंतर मोजा : पहिले ३८४ दिवस, दुसरे ३५४ दिवस. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. त्याला १२ ने गुणले तर सुमारे ३५४ आणि १३ ने गुणले तर सुमारे ३८४ येतात. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने तेरा महिने झाले. तेव्हा ‘दर ३६५ दिवसांनी’ किंवा ‘दर ३० दिवसांनी’ असा कोणताही साधा नियम इथे चालत नाही. तिथी ठरते ती सूर्य आणि चंद्र यांच्या आकाशातील कोनावरून, म्हणजे प्रत्यक्ष स्थितीवरून.

खरे पाहता बॅटरीचेही तसेच आहे. तिला तारीख कळत नाही. पाण्याची पातळी कळते. उन्हाळ्यात पाणी लवकर आटते, पावसाळ्यात उशिरा. म्हणून आता आमच्या यादीत ‘पाणी घालणे’ असे नाही, ‘पातळी पाहणे’ असे लिहिले आहे. यादीने निरीक्षणाला बोलवावे. निरीक्षणाची जागा घेऊ नये.

चुकलेल्या दिवसाचे काय?

माझ्या मते या सगळ्यात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दहा दिवस तुम्ही आजारी होता. पिंप घासण्याचे काम एकदाच करायचे आहे. एक पाळी चुकली म्हणून ते दोनदा घासायचे नसते. पण पर्जन्यमापकाचे काय? तीन दिवस तो वाचला नाही, तर त्या तीन दिवसांची स्वतंत्र नोंद कायमची गेली. चौथ्या दिवशी भांड्यात जे पाणी सापडेल ते ‘चार दिवसांचे मिळून’ म्हणून लिहावे. त्याला चाराने भागून चार रकाने भरले तर वही सुबक दिसेल, पण ती खोटी असेल. चुकलेला दिवस कोरा राहिला पाहिजे.

म्हणून माझा आग्रह आहे, की यादीत दोन बटणे असावीत : ‘केले’ आणि ‘आज नाही’. दुसरे बटण दाबल्याने काम आजपुरते बाजूला होईल, परंतु शेवटची तारीख बदलणार नाही. झेंडावंदनाच्या वेळी माझ्याजवळ असे बटण असते, तर २ मेला काम पुन्हा समोर आले असते. तयार याद्यांपैकी कित्येकींत ‘सलग इतके दिवस’ असा आकडा वाढत जातो आणि एक दिवस चुकला की शून्यावर येतो. मला तो आवडत नाही. वाढलेला आकडा वाचवण्यासाठी न केलेल्या कामावर खूण करावीशी वाटते, आणि एकदा खोटी खूण केली की यादी निरुपयोगी होते. वर्गातही हेच होते. प्रयोगाच्या वहीत चांगला आलेख मिळावा म्हणून विद्यार्थी न घेतलेली वाचने भरतात, आणि आम्ही शिक्षक सुबक आलेखाला गुण देतो. हा दोष आमचाही आहे. कोर्‍या रकान्याचे गुण कापले नाहीत, तर मुले तो कोरा ठेवायला शिकतील.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला एक वाक्य सांगितले की ते असे पान क्षणात लिहून देते. देऊ द्या की. पण पहाटे चारला कोणता दिवस धरायचा, ३१ तारखेला काय करायचे, चुकलेला दिवस कसा दाखवायचा, हे तुम्ही सांगितले नाही, तर ते स्वतःच काहीतरी गृहीत धरील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. हे प्रश्न ज्याने स्वतः एकदा सोडवले, त्यालाच ते दुसर्‍याला विचारता येतात.

काही शिक्षक म्हणतील, आमच्या शाळेत संगणक मोजकेच आहेत. तर वहीत किंवा फळ्यावर तीन रकाने आखा. वजाबाकी मुलांनी रोज तोंडी करावी. नियम तोच राहतो. ज्या वर्गात एकच संगणक आहे, तिथे सर्वांनी मिळून एकच यादी बांधावी : पर्जन्यमापक, शाळेचे पिंप, बागेचे पाणी. प्रत्येक कामाचा ‘पुन्हा’ कोणत्या प्रकारचा, यावर आधी वर्गात वाद घाला. तो वाद आज्ञावलीपेक्षाही मोलाचा आहे.

यादी तयार झाली की तिची परीक्षा घ्या. संगणकाचे घड्याळ पहाटे चारवर नेऊन ‘केले’ दाबा, आणि सात वाजता काय दिसते ते पाहा. तारीख ३१ जानेवारी करून महिन्याचे काम नोंदवा, आणि पुढचे सहा महिने तपासा. मग २८ फेब्रुवारी २०२८ ही तारीख घालून ‘रोज’चे काम दोन दिवस पुढे चालवा. शेवटी दहा दिवस पुढे उडी मारून पाहा : पिंप एकदाच दिसते ना, आणि पावसाचे रकाने कोरेच राहतात ना? चारही ठिकाणी उत्तर तुम्ही ठरवल्याप्रमाणे आले, की घड्याळ पुन्हा बरोबर लावा आणि पहिले खरे काम नोंदवा.